मागच्या डाव्या ड्रममधून खरखर, पेडल खोल, हँडब्रेक मात्र कडक. नेमकं काय गेलंय?

मागचंचाक
नमस्कार मंडळी. गाडी बरीच जुनी आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. इंजिन ठणठणीत, तक्रार ब्रेकची आहे. पेडल पूर्वी वरच धरायचं, आता निम्मं खाली गेल्याशिवाय ब्रेक लागत नाही. शिवाय ब्रेक दाबला की मागच्या डाव्या चाकातून खरखर येते. वेग कमी असला की जास्त ऐकू येते. पाय उचलला की आवाज बंद.

हँडब्रेक मात्र दोन-तीन खटक्यांतच घट्ट लागतो. त्यामुळे मागचे शू (ड्रमला आतून टेकून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) चांगले असतील असं मी धरून चाललो होतो. ब्रेक ऑइलची पातळी जरा उतरली आहे, पण चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसत नाही. गॅरेजमध्ये ड्रम न उघडताच "शू, सिलिंडर, ड्रम, सगळं टाकून द्या" असं सांगितलं. टाकायचं तर टाकू, पण बिघाड काय आहे ते आधी कळायला नको का? हत्यारं आहेत, वेळही आहे. कुठून सुरुवात करू?

तेलकट
शूवरचं लायनर, म्हणजे घासून झिजणारा थर, संपलंय आणि त्याचे रिव्हेट ड्रमवर घासतायत. गाडी चालवणं बंद करा आणि ड्रम खोला. बाकी गप्पा नंतर.

अर्धापाना
तेलकट म्हणतायत ते बहुधा खरंच निघेल. तरी ड्रम खोलायच्या आधी पेडलवर थोडा वेळ घालवा, कारण एकदा ड्रम उतरवला की या गोष्टी तपासता येत नाहीत.

गाडी सपाटीवर उभी, इंजिन चालू. पेडल एकदा दाबा, कुठे धरतं ते लक्षात ठेवा. सोडून लगेच पुन्हा दाबा. दुसऱ्या वेळी वर धरलं आणि पायाला कडक लागलं, तर शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. वर येतं पण पायाखाली मऊ लागतं, दबत राहतं, तर लाइनमध्ये हवा आहे. आणि पाय तसाच दाबून ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत गेलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडल ज्यातून ऑइल ढकलतं त्याचे) रबरी वॉशर आतल्या आत ऑइल सोडतायत. तसं असेल तर ड्रमच्या मागे लागण्यात अर्थ नाही, आधी तिकडे बघा.

मग हँडब्रेक एक-दोन खटके ओढून ठेवा आणि पेडल पुन्हा दाबा. हँडब्रेक केबलने शू पसरवतो, ऑइलने नाही. तो थोडा ओढल्यावर पेडल लगेच वर धरत असेल तर वाया जाणारी हालचाल मागच्या ड्रममध्येच आहे. पुढच्या डिस्कवरच्या कॅलिपरचा किंवा मास्टरचा दोष असता तर हँडब्रेकने असा फरक पडला नसता.

जुनाफिटर
पेडल खोल आणि हँडब्रेक दोन खटक्यांत? हे दोन्ही एका गाडीत सुखासुखी नांदत नाहीत. लायनर झिजलं, अंतर वाढलं, तर हँडब्रेकचा दांडाही वर यायला हवा. तो येत नाही, म्हणजे कुणीतरी खालून केबल ताणून ठेवली आहे. ड्रम खोलण्यापूर्वी केबलच्या नटाकडे बघून घ्या. आटे किती बाहेर आलेत, नट ताजा फिरवलेला आहे का, ते दिसेल.

सुटाभाग
काका, केबल ताणली तर बिघडतं काय? हँडब्रेक ढिला झाला की सगळे तेच तर करतात.

जुनाफिटर
सगळे करतात म्हणूनच निम्म्या जुन्या गाड्यांचे ऑटो अॅडजस्टर (झिजेने वाढलेलं अंतर आपोआप भरून काढणारे) मेलेले असतात.

शूच्या मागे हँडब्रेकची पट्टी असते. हँडब्रेक सोडला की ती पूर्ण मागे जाऊन आपल्या थांब्यावर टेकली पाहिजे. केबल ताणलेली असली की ती अर्धवट ओढलेलीच राहते. दोन शूंच्या मधल्या दांडीवर त्याचा कायम ताण राहतो. बऱ्याच रचनांमध्ये या दांडीवरच अॅडजस्टरची दातेरी चकती असते. ताणाखाली तिला फिरायला मोकळीक मिळत नाही, चकती आहे तिथेच राहते. लायनर झिजत जातं, अंतर भरून निघत नाही, पेडल खोल जात राहतं. वर हँडब्रेक छान लागतो म्हणून मालक निर्धास्त.

आधी शू सेट करायचे, केबल शेवटी. उलटं केलं की असं होतं.

मागचंचाक
तपासलं. दुसऱ्या दाबाला पेडल बरंच वर आणि कडक. दाबून धरलं तर खाली सरकत नाही. हँडब्रेक एक खटका ओढला तरी पेडल वर धरतं. आणि काका, केबलच्या नटाबाहेर लांबच लांब आटे दिसतायत, त्यातला बराचसा भाग अजून चकचकीत आहे. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

गंजलेलानट
अजून एक विचारतो. गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते का? आणि मातीच्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक दाबला तर मागची दोन्ही चाकं सारखी घासटतात की एकच?

मागचंचाक
ओढत नाही, निदान मला जाणवलं नाही. पण मातीवर मागे एकच रेघ उमटते, डावीकडची. मला वाटलं, डावीकडे माती सैल असेल.

गंजलेलानट
मग दोन्ही ड्रम खोला. आवाज डावीकडून येतोय म्हणून फक्त डावा खोलून थांबू नका. मला संशय उजव्याचा आहे.

ब्रेक मारताना वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. मागचं एक चाक पूर्ण मेलं तरी स्टिअरिंगला कळेलच असं नाही. पुढचं एक बिघडलं असतं तर हातात लगेच जाणवलं असतं.

तेलकट
खोलताना: घट्ट सपाट जमीन, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, गिअरमध्ये ठेवा. गाडी घोडीवर (पक्क्या स्टँडवर), जॅकवर नाही. हँडब्रेक सोडलेला असला पाहिजे, नाहीतर ड्रम बाहेर येणारच नाही.

निघत नसेल तर हातोडा घेऊन तुटून पडू नका. जुन्या ड्रमच्या कडेला न झिजलेली एक कड उरते आणि शू तिच्या आत अडकतात. बॅकिंग प्लेटला (ड्रममागच्या पत्र्याला) रबरी बूच असतं, ते काढून स्क्रू ड्रायव्हरने अॅडजस्टर मागे फिरवा. दात्यांवर अडणारी पट्टी असेल तर ती दुसऱ्या पातळ स्क्रू ड्रायव्हरने बाजूला धरावी लागते, नाहीतर चकती मागे फिरत नाही आणि दाते मोडतात. काही ड्रमना दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यात बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलात की ड्रम स्वतःच बाहेर सरकतो.

अर्धापाना
आणि धुळीवर फुंकर मारायची नाही, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही. साबणाचं पाणी किंवा ब्रेक क्लीनर मारून ओलं करा, खाली ट्रे ठेवा, पुसलेली फडकी ओली असतानाच पिशवीत बांधून टाका. मास्क लावा.

सुटाभाग
आम्ही तर आयुष्यभर हवा मारूनच साफ करत आलो...

अर्धापाना
म्हणूनच सांगतोय.

मागचंचाक
दोन्ही खोलले. डाव्या बाजूला तेलकट म्हणाले तसंच. पुढच्या शूचं लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलंय, दोन रिव्हेट चमकतायत आणि ड्रममध्ये बरोबर त्यांच्यासमोर दोन खोल चऱ्या पडल्या आहेत. मागच्या शूला अजून बरंच लायनर शिल्लक आहे. अॅडजस्टरची चकती गंजून गच्च, हाताने हलत नाही.

आता उजवीकडचं सांगतो. तिथे लायनर भरपूर आहे, जवळजवळ नवं वाटावं इतकं. पण रंग काळपट, वरून गुळगुळीत. ड्रमच्या आत घासल्याची चकाकी नाही, पुसट तांबूस थर आहे. शू हाताने दाबले तर सिलिंडरमध्ये अजिबात जात नाहीत.

गंजलेलानट
सापडला. उजव्या सिलिंडरचे, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू पसरवणारे, पिस्टन अडकलेत. ते चाक ब्रेकच मारत नव्हतं. मागच्या वाट्याचं सगळं काम एकटं डावं करत होतं आणि झिजून आवाजही तेच करत होतं.

खात्री करून घ्या. डावा ड्रम परत बसवा, म्हणजे तिकडचे पिस्टन बाहेर पडायचे नाहीत. उजवीकडे दोन्ही शू बाहेरून अडवून धरा आणि कुणाला तरी पेडल अगदी हळू, बोटभर दाबायला सांगा. शू हलतात का, एक हलतो की दोन्ही, ते बघा. मग सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी जरा उचलून आत डोकवा. नुसता ओलसरपणा असेल तर ठीक, बोटाला ऑइल लागलं किंवा आतून थेंब आला तर वॉशर गेले.

जुनाफिटर
डाव्याचा पुढचा शू जास्त आणि मागचा कमी झिजलाय, त्याला दोष समजू नका. पुढचा शू चाकाच्या फिरण्याबरोबर ड्रममध्ये आणखी ओढला जातो, मागचा ड्रमपासून दूर ढकलला जातो. दोन शूंना वरून एकच सिलिंडर आणि खाली पक्का टेकू अशी रचना असली की पुढचा आधी झिजायचाच. खाली टेकूऐवजी नुसती तरंगती जोडदांडी असते त्या रचनेत मात्र मागच्या शूवर जास्त भार येतो. म्हणून तिथे मागच्याचं लायनर लांब असतं. बसवताना कोणता शू कुठला ते बघून घ्यायचं. अदलाबदल झालेली गाडी मी पुष्कळदा बघितली आहे, आणि तिचा मालक दर वेळी लायनरच्या दर्जाला शिव्या देत असतो.

मागचंचाक
पेडल दाबून बघितलं. उजवीकडे काहीच हलत नाही, दोन्ही शू जागच्या जागी. टोपी उचलल्यावर आत तपकिरी लगदा दिसला, पिस्टनच्या कडेला गंज. ओघळ नाही, पण टोपीच्या आत ओल आहे.

आता तीन प्रश्न. सिलिंडर घासून, वॉशर किट टाकून चालेल का? डावा ड्रम लेथवर घेऊ की टाकू? आणि उजव्याचं लायनर इतकं जाड आहे, तर तेच ठेवून फक्त डावे शू बदलले तर?

तेलकट
तिसऱ्याचं उत्तर आधी. नाही. एका बाजूला जुनं, गुळगुळीत झालेलं लायनर आणि दुसरीकडे नवं, म्हणजे पुन्हा एक चाक जास्त धरणार. मागचे चारही शू एकत्रच.

अर्धापाना
ड्रम मोजल्याशिवाय ठरवू नका. बाहेरच्या बाजूला किंवा आतल्या कडेला कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो, गंज खरवडला की दिसतो. नऊ इंची ड्रम नवा असताना २२८.६ मिमी असतो आणि त्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी २३०.१ असते. म्हणजे व्यासात जेमतेम दीड मिमीची सूट. आतल्या मापाच्या कॅलिपरने चरीच्या तळाशी मोजा, कारण कापताना तिथपर्यंत जावंच लागतं. मग ड्रम पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. दोन मापांत फरक असेल तर ड्रम लांबट झालाय. अशा वेळी ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडतं. तुमच्याकडे तसं काही जाणवत होतं का?

आणि लक्षात ठेवा, कोरलेला आकडा टाकून देण्याचा आहे, कापण्याचा नाही. कापल्यावर पुढच्या झिजेसाठी काहीतरी शिल्लक राहायला हवं.

मागचंचाक
धडधड नव्हती. कोरलेला आकडा २३०.१ च आहे. चरीच्या तळाशी मोजलं तर २२९.९ भरतं, न झिजलेल्या कडेवर २२८.७. फिरवून मोजलं तरी तेच. शिवाय आतल्या पृष्ठभागावर दोन ठिकाणी निळसर डाग आहेत, बारीक केसासारख्या रेषाही आहेत.

जुनाफिटर
टाका. चरी काढायच्या म्हटलं तर मर्यादेला टेकणार. निळे डाग म्हणजे तिथे बीड (ओतीव लोखंड) तापून कडक झालंय. कापतानाही लेथचं हत्यार त्या जागेवरून उड्या मारतं आणि पुढेमागे ब्रेक तिथेच धरतो-सोडतो. केसासारख्या रेषा वरवरच्या असतात एक वेळ, पण त्यातली एखादी कडेपर्यंत पोहोचली असेल तर तो ड्रम गाडीवर नकोच.

नवे ड्रम जोडीने घ्या. उजवा मापात असेल तर त्यावरचा गंज निघेल, पण दोन बाजूंचा व्यास वेगळा ठेवून काय मिळवायचं?

गंजलेलानट
सिलिंडरच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) नुसता डागाळलेला असेल तर बारीक घासून वॉशर किट चालतं, मी चालवलंय. पण नखाला खड्डा लागला तर नाही. नवा वॉशर त्या खड्ड्यावरून जाऊन जाऊन चिरतो आणि लायनर भिजवतो.

तेलकट
अडकून गंजलेल्या सिलिंडरला नखाची परीक्षा कशाला? बदला. डावाही बदला. आज नवे जाड शू बसले की तिकडचे पिस्टन आत ढकलले जातील, म्हणजे इतकी वर्षं न घासलेल्या गंजाळ भागात वॉशर जाऊन बसणार. गळती तिथूनच सुरू होते.

गंजलेलानट
हे डाव्याबद्दलचं म्हणणं पटलं.

सुटाभाग
मध्येच घुसतोय, माफ करा. माझं मागचं एक चाक चालवून आल्यावर हाताला चटका बसेल इतकं तापतं. ड्रम खोलला, लायनर व्यवस्थित. मग?

अर्धापाना
चाक तापलेलं असतानाच गाडी वर घ्या, ठोकळे-घोडी तीच, हँडब्रेक सोडा आणि चाक हाताने फिरवून बघा. जड असेल तर त्याच चाकाचं निपल (हवा काढायचा स्क्रू) थोडं सैल करा. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर दाब लाइनमध्ये अडकलाय. रबरी होज आतून सुजली की असं होतं. तुमचा पाय ऑइल जोराने ढकलतो म्हणून ते जातं, पण परत येताना वाट मिळत नाही. दोन्ही मागची चाकं धरत असतील तर मास्टर सिलिंडरच्या पुश रॉडला (पेडलकडून येणाऱ्या दांडीला) मोकळीक आहे का ते बघा.

निपल सोडूनही चाक जडच राहिलं तर दोष यांत्रिक आहे. केबल आवरणात गंजली असेल, परतीची स्प्रिंग ढिली झाली असेल, किंवा बॅकिंग प्लेटवर जिथे शूची कड टेकते तिथे खळगा पडला असेल. स्प्रिंग सुटी धरून बघा, वेटोळे एकमेकांना चिकटलेले हवेत. मधून उजेड दिसला किंवा रंग जळून गेलेला असला तर ती तापून ताणली गेली आहे.

सुटाभाग
निपल सोडलं तरी जडच होतं. केबलचं चाकाकडचं टोक सोडवल्यावर चाक भिंगरीसारखं फिरलं. केबल आवरणात अर्धी अडकते. आता एकच राहिलं: ब्रेक सोडताना अधूनमधून "टक्" असा आवाज येतो तो कशाचा?

जुनाफिटर
मघाशी म्हटलेला तोच खळगा. शू त्यात अडकतो आणि उडी मारून बाहेर येतो. खळगा वेल्डिंगने भरून कानस मारून सपाट करतात, प्लेट फार खाल्ली असेल तर बदलतात. मग त्या टेकण्याच्या जागांवर उष्णतेला टिकणारं ग्रीस, अगदी बोटाला लागेल इतकंच. लायनरकडे ओघळेल इतकं नको. ड्रम नुकताच कापून आणला असेल तर मात्र हत्याराच्या रेषा स्क्रूच्या आट्यांसारख्या राहतात, शू त्यांवर चढत जातो आणि सटकतो. तोही "टक्" वाजतो.

मागचंचाक
सामान आलं, जोडणी झाली. एका वेळी एकच बाजू खोलली, दुसरी नमुना म्हणून समोर ठेवली. ते फार कामी आलं, कारण स्प्रिंगांची टोकं कुठल्या भोकात होती ते आठवत नव्हतं. अॅडजस्टर दोन्ही नवे. डाव्या-उजव्याचे आटे एकमेकांच्या उलट दिशेचे निघाले, अदलाबदल केली असती तर काका ओरडले असते. केबल पूर्ण सैल करून शू आधी सेट केले, ड्रम फिरवताना हलकी घासट ऐकू येईल इतके. मग हवा काढली. जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं, तळाला गाळ होता.

पेडल आता वर धरतं. पण हँडब्रेक सहा-सात खटके वर जातो. केबल जरा आवळू का?

जुनाफिटर
थांबा. आधी पेडल मोकळ्या जागेत पुन्हा पुन्हा दाबून, गाडी पुढे-मागे घेऊन अॅडजस्टरला त्याचं काम करू द्या. काही गाड्यांत तो रिव्हर्समध्ये ब्रेक मारल्यावर फिरतो, काहींत हँडब्रेक ओढल्यावर, काहींत साध्या ब्रेकवर. तुमच्या गाडीचं पुस्तक बघा. त्यानंतरही वर राहिला तरच केबल. आणि आवळल्यावर, हँडब्रेक सोडलेला असताना दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत आणि आतली पट्टी थांब्याला टेकलेली पाहिजे. बॅकिंग प्लेटच्या भोकातून टॉर्चने दिसते.

अर्धापाना
ऑइल कुठलं भरलंत? डॉट ४ असेल तर झाकण लगेच लावून टाका. ते हवेतली ओल शोषतं, कोरडं असताना उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओल शोषल्यावर मानकाप्रमाणे १५५ पर्यंत उतरू शकतो. तुमच्या उजव्या सिलिंडरचा गंजही त्याच ओलीचा.

मागचंचाक
डॉट ४ च, बंद डब्यातलं. रिकाम्या मैदानात सावकाश थांबवत, मध्ये गार होऊ देत शू बसवून घेतले. हँडब्रेक आपोआप पाचव्या खटक्यावर आला, केबलला हात लावला नाही. मग मातीवर जाऊन ब्रेक दाबला, मागे दोन रेघा उमटल्या.

गंजलेलानट
दोन्ही सारख्याच लांबीच्या?

मागचंचाक
उजवीकडची किंचित आखूड आहे. हात लावून बघितलं तर ड्रम दोन्ही सारखेच कोमट.

गंजलेलानट
मग नवं लायनर अजून पूर्ण टेकत नसेल. थोडं चालवून झाल्यावर उजवा ड्रम परत उतरवा आणि लायनरवर घासल्याची खूण कुठे पडली ते बघा. फक्त मधोमध असेल तर अजून वेळ द्या. आतल्या किंवा बाहेरच्या एकाच कडेला असेल तर शू तिरका बसलाय, मधली पिन आणि तिची स्प्रिंग तपासा.